इद्दतीनंतरची स्त्री आणि आमचे साहित्य

मराठी कादंबरीचा प्रारंभच विधवेच्या प्रश्नाने झाला. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची. विधवाविवाहाचा कायदा त्याच्या आदल्याच वर्षी झाला होता. १८८२ साली ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली, तीही सुरतेच्या एका तरुण विधवेवरील खटल्याच्या निमित्ताने. पुढे हरिभाऊ आपट्यांच्या यमूने मराठी वाचकाला रडवले. त्यामुळे विधवा म्हटले की केशवपन, आलवण आणि माजघरातला अंधारा कोपरा हेच चित्र उभे राहते. मुसलमान बेवा या चित्रात बसत नाही, म्हणून ती दिसतही नाही.

पण सारा दोष इतरांना देऊन आम्हांला मोकळे होता येणार नाही. इस्लामने विधवेला निकाहाचा हक्क दिला, हजरत खदीजा (रजि.) स्वतः विधवा होत्या, मग प्रश्न उरतोच कुठे, या उत्तरावर आम्ही विसंबून राहिलो. हक्क असणे आणि तो हाती पडणे यांत अंतर असते. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी उत्तर हिंदुस्थानातील शरीफ घराण्यांत विधवेचा निकाह कमीपणाचा मानला जाई. तो समज मोडण्यासाठी सय्यद अहमद बरेलवी यांनी आपल्या विधवा भावजयीशी निकाह केला. त्याच शतकात मौलाना हालींनी उर्दूत ‘मुनाजात-ए-बेवा’ लिहून विधवेच्या दुःखाला तिच्याच तोंडून बोलते केले.

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आमच्या लेखणीने दंगल, दारिद्र्य, अस्मिता आणि तलाक यांवर पुष्कळ लिहिले. त्या मानाने बेवा उपेक्षितच राहिली. कारण उघड आहे. तलाकमध्ये अन्याय करणारा समोर असतो. मृत्यूला आरोपी नसतो. म्हणून कथा जनाजा उठण्यापाशी संपते. खरी कथा तिथेच सुरू होते.

मय्यत उचलण्यापूर्वी बायकोला मेहर माफ करायला सांगितले जाते. चार माणसांसमोर, रडता रडता, ती ‘माफ केला’ म्हणते. मेहर हे नवऱ्याच्या डोक्यावरचे कर्ज. वारसांत वाटणी होण्याआधी ते फिटले पाहिजे. त्या घडीला दिलेल्या माफीला माफी म्हणायचे का? कुरआनने मुले असतील तर आठवा आणि नसतील तर चौथा हिस्सा तिला दिला आहे. परंतु ‘घरातच तर आहेस’ असे म्हणून दीर-जेठ हक्कसोडपत्रावर अंगठा घेतात. चार महिने दहा दिवसांची इद्दत सगळ्यांना पाठ असते. ती संपल्यावर स्त्रीने रीतीला धरून स्वतःविषयी जे ठरवावे त्याचा दोष इतरांवर नाही, हे त्याच आयतीतले पुढचे वाक्य मात्र कोणी ऐकवत नाही.

मेहरुन्निसा दलवाई यांचे ‘मी भरून पावले आहे’ हे १९९५ सालचे आत्मकथन या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. हमीद दलवाईंच्या विचारांशी आमच्यापैकी अनेकांचे मतभेद आहेत. तरीही १९७७ मध्ये पतीच्या निधनानंतर ही बाई कोपऱ्यात बसली नाही, पुढे कितीतरी वर्षे स्त्रियांच्या प्रश्नांवर उभी राहिली, हे नाकारता येत नाही. मात्र एक मर्यादा सांगितली पाहिजे. त्यांच्या पाठीशी चळवळ होती, माणसे होती. मोहल्ल्यातल्या, शिलाई मशीनवर मुले वाढवणाऱ्या बेवेजवळ यातले काहीच नसते. तिचे आत्मकथन अजून लिहायचे आहे.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने तो इतर गावांपुढे ठेवला. आम्ही त्याचे स्वागत केले. पण ‘आमच्यात असे नसतेच’ असे म्हणताना आम्ही आपल्या घरातल्या रिकाम्या हातांकडे पाहिले काय? शादीच्या घरात बेवा खाला मागच्या खोलीत का बसते, हे विचारले काय?

धर्मग्रंथात काय आहे ते आमचे वक्ते सांगतात. घरात काय घडते ते सांगणे हे लेखकाचे काम आहे. ते आम्ही टाळले. आता तरी जनाजा गेल्यावर घरात मागे राहिलेल्या बाईजवळ आमच्या लेखकाने थांबावे.