अवशेष, कादंबरी आणि वाचनाचा संकल्प

एखादे विषयसूत्र घ्यावे, मुदत बांधावी, पुस्तकांची संख्या ठरवावी आणि ती पुरी करावी, असे संकल्पपूर्वक केलेले कादंबरीवाचन ग्रंथालयांच्या आणि अभ्यासमंडळांच्या उपक्रमांत आता रुळले आहे. मराठी वाचकाला संख्येने बांधलेले वाचन मुळीच नवे नाही. गुरुचरित्राचा सप्ताह हा असाच संकल्प असतो. पण दोहोंत एक भेद आहे. पारायणात संहिता एकच राहते आणि आवर्तने वाढतात. वाचनाच्या आव्हानात संहिता बदलत जातात आणि प्रत्येक संहिता एकदाच हाताळली जाते. विषयसूत्र ‘प्राचीन अवशेष’ हे असेल, तर हा भेद केवळ पद्धतीचा राहत नाही. तो विषयाच्या गाभ्यालाच भिडतो. कारण अवशेष ही वस्तूच मुळी पुनर्वाचनाची आहे.

याचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातच आहे. भीमा आणि सीना यांच्या संगमावरील हत्तरसंग-कुडल येथील संगमेश्वर मंदिरातला लेख शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा आहे. त्यातील मराठी ओळीमुळे आद्य मराठी शिलालेखाचा प्रश्न नव्याने उभा राहिला. त्याआधी श्रवणबेळगोळच्या लेखाला हे स्थान देऊन पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी परीक्षा देत आले होते. अक्षीच्या लेखाच्या शकाबद्दल तर अभ्यासकांत दीर्घकाळ मतभेद राहिले. दगड तोच असतो, अक्षरेही तीच असतात. वाचन बदलते आणि भाषेच्या इतिहासाचे पहिले पान बदलते. अवशेषकेंद्री कादंबरीची कसोटी येथूनच निघते: तिच्यातील वस्तू पुन्हा वाचली जाऊ शकते काय, की एकदा गूढ उकलले की ती निरुपयोगी होते?

या कसोटीवर लोकप्रिय रहस्यकथेचा निकाल चटकन लागतो. रायडर हॅगर्डच्या ‘शी’मधील (१८८७) लेखांकित खापर कथानकाला गती देते आणि पात्रे आफ्रिकेत पोहोचली की त्याचे काम जवळजवळ संपते. डॅन ब्राउनच्या कादंबऱ्यांची आणि त्यांच्या वळणाने मराठीत आलेल्या ऐतिहासिक खजिन्याच्या कथांची जातकुळी हीच. त्या वाचनीय असतात, यादीतील संख्या लवकर भरून काढतात, आणि त्यांचा विचार येथे थांबवला तरी चालतो.

विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’चे (१८६८) तसे नाही. तिलाही रहस्यकथाच म्हणतात. पण तिच्यातला हिरा कोणाच्या दृष्टीतून पाहिला जातो त्यावर त्याचे स्वरूप पालटते. इंग्रज कुटुंबाला तो वारशाने आलेली मालमत्ता वाटतो. श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या लुटीची आठवण ठेवणाऱ्या वाचकाला ती चोरीची वस्तू दिसते. आणि त्याच्या मागावर आलेल्या तीन ब्राह्मणांच्या लेखी तो देवाच्या कपाळीचा आहे. शेवटी हिरा सोमनाथच्या देवाकडे परततो तेव्हा रहस्य उलगडलेले असते, पण मालकीचा प्रश्न मिटलेला नसतो. अनेक साक्षींतून सांगितलेल्या या कथेत वस्तूला स्वतःची साक्ष मात्र नाही. ती साक्ष देण्याचे धाडस राखालदास बंद्योपाध्याय यांनी बंगालीत ‘पाषाणेर कथा’मध्ये (१९१४) केले, तेथे भारहुतच्या स्तूपातला दगडच निवेदक आहे. पुढे मोहेंजोदडोचे उत्खनन ज्यांच्या नावाशी जोडले गेले, ते हेच राखालदास. उत्खनक आणि कादंबरीकार एकाच देहात नांदल्याचे असे उदाहरण भारतीय भाषांत विरळाच.

वॉल्टर स्कॉटच्या ‘द अँटिक्वरी’ची (१८१६) गोष्ट अधिक उद्बोधक आहे. ओल्डबक हा पुराणवस्तूंचा नादी गृहस्थ रोमन छावणीचे स्थळ म्हणून चढ्या किमतीला जमीन घेतो. दगडावरील चार अक्षरांत त्याला लॅटिन अर्पणलेख दिसतो. एक म्हातारा भिकारी मात्र ते बांधकाम झाले तेव्हा आपण तेथेच होतो असे सांगतो, आणि त्या चार अक्षरांत गावातल्याच कोणाच्या तरी पळीचा उल्लेख दाखवतो. विद्वत्तेचे हसे करणे एवढाच स्कॉटचा हेतू मानला तर कादंबरी अर्धीच हाती लागते. स्कॉट स्वतः याच छंदाचा माणूस होता. लिखित पुराव्यापुढे लोकस्मृतीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करणे, आणि कधीकधी तिला जिंकू देणे, हे त्या प्रसंगाचे खरे कार्य आहे.

मराठीत या सूत्राचा विचार ‘हिंदू: जगण्याची समृद्ध अडगळ’ (२०१०) टाळून करता येत नाही. भालचंद्र नेमाड्यांचा खंडेराव हा पुरातत्त्वाचा अभ्यासक. मोहेंजोदडोच्या उत्खननावरून तो मोरगावी मरणासन्न वडिलांकडे निघतो आणि उकरण्याची क्रिया घराकडे वळते. उपशीर्षकातील ‘अडगळ’ हा शब्दच अवशेषाच्या युरोपीय कल्पनेला दिलेले उत्तर आहे. येथे अवशेष काचेच्या कपाटात नसतो, तो माळ्यावर असतो. टाकवत नाही आणि वापरवतही नाही. मात्र उत्खननात कोणती वस्तू कोणत्या थरात सापडली याची नोंद हाच शास्त्राचा प्राण असतो, आणि थर मिसळले की पुरावा बाद होतो. खंडेरावाच्या निवेदनात वर्तमानातील मते सिंधूच्या थरात वरचेवर घसरतात. स्मरणाचा स्वभावच असा असतो, हे समर्थन स्मृतिचित्रांच्या भागांना पुरते. संस्कृतीविषयी सिद्धांत मांडणाऱ्या भागांना ते पुरत नाही. ही त्रुटी मान्य करूनही ही कादंबरी दुसऱ्यांदा उघडावीशी वाटते, आणि दुसऱ्या वाचनात ती पहिल्यासारखी राहत नाही.

सोलापुरात असा वाचनक्रम आखणाऱ्याला एक अडचण मात्र टाळता येणार नाही. त्याची यादी बहुधा मराठी असेल. परिसरातले दगड तसे नाहीत. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले येथील पुष्कळ लेख कन्नड आहेत, आणि सोलापूरचे ग्रामदैवत ठरलेल्या सिद्धरामाची वचने कन्नडच आहेत. आनंद कुंभारांसारख्या स्थानिक अभ्यासकाने आयुष्यभर हे लेख शोधले आणि वाचले, तेव्हा भाषेची सीमा त्यांना अडवू शकली नाही. शं. बा. जोशींनी आणि रा. चिं. ढेरे यांनी हाच सलगपणा संशोधनात मांडला. ढेरे यांच्या ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’मध्ये (१९८४) माढ्याच्या विठ्ठलमूर्तीचे प्रकरण आहे. मूळ मूर्ती पंढरपूरची की माढ्याची, हा वाद याच जिल्ह्यातल्या दोन गावांमधला. त्यात परचक्राची भीती आहे, मूर्तीचे स्थलांतर आहे, पोथीतल्या वर्णनाचा दगडाशी घातलेला मेळ आहे, आणि लाखो माणसांच्या श्रद्धेला बसू शकणारा धक्काही आहे. कादंबरी म्हणून लिहिला न गेलेला हा ग्रंथ यादीत घ्यावा की नाही, यावर आयोजकांचे दुमत होईल. तो वगळला, तर वाचकाला हॅगर्डच्या खापरापर्यंत पोहोचता येईल. माढा मात्र त्याच्या वाटेवर लागणार नाही.