वाघाला ऐकू न येणारा कॅमेरा

जिम कॉर्बेट यांचे ‘मॅनईटर्स ऑफ कुमाऊँ’ हे पुस्तक १९४४ साली प्रसिद्ध झाले. आपण ते शिकारकथा म्हणून वाचतो. नरभक्षकांच्या कथा संपल्या की वाचक पुस्तक मिटतो, आणि ‘जस्ट टायगर्स’ हे शेवटचे छोटे प्रकरण वाचायचे राहून जाते. विज्ञानशिक्षकाने मात्र हे पुस्तक तिथूनच उघडावे. जंगलात चित्रण करण्यासाठी कॅमेरा कसा निवडावा, याचा इतका चांगला धडा आजच्या जाहिरातींतही सापडत नाही.

शिकारीतले चामडे मिळवणाऱ्या एकट्याला आनंद देते, वाघाचे चांगले चित्र मात्र सर्वांना, असे कॉर्बेट या प्रकरणात सांगतात. या छंदामागे त्यांचे स्नेही, वनाधिकारी फ्रेडरिक चॅम्पियन यांची प्रेरणा होती. १९२८ मध्ये लॉर्ड स्ट्रॅथकोना यांनी कॉर्बेटना बेल अँड हॉवेलचा १६ मिलिमीटरचा चलच्चित्र कॅमेरा भेट दिला. म्हणजे यंत्र उत्तम होते आणि वाघाचा माग काढण्यात तर त्यांचा हातखंडा होता. तरीही मनासारखे चित्रण हाती यायला सुमारे दहा वर्षे लागली. असे का झाले?

मोठी अडचण होती आवाजाची. चलच्चित्र कॅमेऱ्यात फिल्म एकेक चौकट पुढे ओढली जाते, क्षणभर थांबते आणि पुन्हा ओढली जाते. मूकपटाच्या वेगाने हे सेकंदाला १६ वेळा घडते. त्याची घरघर माणसाला किरकोळ वाटेल, वाघाला नाही. मग दूर जाऊन लांब नाभीय अंतराचे भिंग लावावे काय? अंतर दुप्पट केले तर उघड्यावर आवाजाची तीव्रता सुमारे एक चतुर्थांश होते. पण चित्र तेवढेच मोठे हवे असेल तर नाभीय अंतरही दुप्पट लागते. भिंगाचे तोंड तेवढेच राहिले तर फिल्मवर पडणारा प्रकाशही एक चतुर्थांश होतो, आणि हाताचा कंप दुप्पट दिसतो. दाट झाडीत हा सौदा महागच पडतो.

कॉर्बेट यांनी कॅमेरा बदलला नाही, जागा बदलली. त्यांनी ओढ्याचे पाणी वळवले, छोटे बांध घातले, आणि पडणाऱ्या पाण्याच्या खळखळाटात कॅमेऱ्याची घरघर बुडवून टाकली. १९३८ च्या हिवाळ्यात या ‘स्टुडिओ’त त्यांनी सात वाघ आणले. साधन, जागा आणि प्राणी यांचा एकत्र विचार करणे यालाच प्रयोगाची मांडणी म्हणतात.

पण इथेच या प्रकरणाची मर्यादाही लक्षात येते. कॉर्बेट यांना हवे होते ते सुंदर चित्र, चामड्याच्या जागी ठेवता येईल असे. सात वाघ एका जागी दिसले म्हणून वाघ कळपाने राहतो, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो चुकेल. ते आपणहून जमले नव्हते, माणसाने त्यांना तिथे आणले होते. चॅम्पियन यांचे १९२७ चे ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक शेजारी ठेवले की फरक स्पष्ट होतो. त्यांचा कॅमेरा रात्री पायवाटेवर एकटाच असे. वाघाचा पाय तारेला लागला की झोत उडे आणि एकच चित्र मिळे. त्यात वाघाची चाल नाही, वागणे नाही. पण प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, ही ओळख अशा चित्रांतून पटते. २००६ पासून देशभर होणाऱ्या व्याघ्रगणनेत, आपल्या ताडोब्यातही, याच तत्त्वावर चालणारे स्वयंचलित कॅमेरे वापरले जातात.

मग दोघांपैकी चांगला कॅमेरा कोणता? हा प्रश्नच अपुरा आहे. वाघ कसा चालतो, हे चॅम्पियन यांचा कॅमेरा सांगणार नाही, आणि जंगलात वाघ किती, हे कॉर्बेट यांचा सांगणार नाही. आज जाहिराती मेगापिक्सेलचे मोठे आकडे दाखवतात. ‘डिजिटल झूम’ म्हणजे बहुतेक वेळा आहे त्याच चित्राचा तुकडा ताणून मोठा करणे होय, त्याने नवी माहिती मिळत नाही. आवाजाची अडचण इलेक्ट्रॉनिक शटरने जवळपास संपवली. प्रकाश, अंतर आणि कंप यांचे गणित मात्र आजही तेच आहे.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. टिकटिकणारे घड्याळ नळाजवळ ठेवा. नळ बंद असताना टिकटिक किती पावलांवरून ऐकू येते ते मोजा. मग नळाखाली बादली ठेवून नळ सोडा आणि पुन्हा मोजा. त्यानंतर मुलांना विचारा, “तुम्हाला कॅमेऱ्याने काय जाणून घ्यायचे आहे?” कॅमेऱ्याची किंमत विचारण्याची पाळी त्यानंतरची.