बुद्धिबळाचं पुस्तक टेबलावर उघडं राहतं का?

पुस्तकाचं परीक्षण म्हटलं की आपण आतल्या मजकुराबद्दल लिहितो. आज मी लिहिणार आहे ते बांधणी, शाई आणि उत्तरं कुठे छापलीत याबद्दल. दोन वर्षं रविवारी शहापूर आणि मुरबाडच्या काही मुलांना बुद्धिबळ शिकवतोय. चांगली चांगली पुस्तकं तिथे नापास होताना पाहिली, आणि एका बाबतीत मी स्वतःही.

आधी लास्लो पोल्गार यांचं १९९४चं जाडजूड पुस्तक, ज्याच्या नावातच ५३३४ हा आकडा आहे. एका चालीत मात अशी ३०६ कोडी, मग दोन चालींची ३४१२, तीन चालींची ७४४, आणि पुढे आणखी बरंच काही. पानावर सहा आकृत्या, उत्तरं पार मागे. कोड्यांचा साठा म्हणून मला हे आजही अफाट वाटतं. पण हजारावर पानांचा हा ठोकळा पटाशेजारी उघडा राहील तर शपथ! एक हात पुस्तकावर दाबून ठेवायचा आणि दुसऱ्याने सोंगट्या मांडायच्या. आम्ही त्यावर पाण्याची बाटली ठेवायचो. बाटली घसरली की पान गेलं. त्यात आमच्याकडचा जुलै. शहापूरला कपाटातल्या पुस्तकालाही बुरी येते. मुरबाडला रेल्वे नाही, म्हणजे पुस्तक सॅकमध्ये कोंबून एसटीने न्यायचं. दुसऱ्या पावसाळ्यात कणा सुटलाच.

शेवटी झेरॉक्सवाल्याकडून त्याचे चार भाग करून स्पायरल मारून घेतले. एक पुस्तकप्रेमी मित्र यावर खरंच चिडला. पण आता तीन मुलं एकाच वेळी तीन भाग घरी नेतात आणि उत्तरांचा चौथा भाग माझ्याकडे राहतो. मला हा सौदा मान्य आहे.

उत्तरं अशी लांब ठेवण्याचं महत्त्व मला उशिरा कळलं. एमएस्सीला असताना मी हेच पुस्तक सोडवलं होतं आणि आकृत्यांवर पेन्सिलने बारीक बाण काढले होते. सातवीतली एक मुलगी एका बैठकीत तीस-तीस कोडी सोडवायला लागली, तेव्हा मी तिच्या वडिलांना सांगूनही टाकलं की पोरगी भलतीच हुशार आहे. मग एकदा त्यातलंच एक कोडं पटावर मांडलं. ती बघतच राहिली. म्हणाली, "दादा, पुस्तकात बाण असतो ना."

तीन संध्याकाळी खोडरबर घेऊन बसलो. शिसं गेलं, कागदावरचा खळगा राहिला. दिव्यासमोर पान तिरकं धरलं की बाण दिसतोच.

रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६चा प्रयोग तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. पण आठवड्यानंतर पुढे होते ते, ज्यांनी न बघता आठवून लिहिलं होतं. माझे बाण म्हणजे ते पुन्हा वाचणं. नेटच्या सोडवलेल्या प्रश्नपत्रिका उत्तरासकट चाळून 'झालं' म्हणणारे आपण सगळे याच रांगेत.

या कसोटीवर बॉबी फिशर, मार्गुलीस आणि मोझेनफेल्डर यांचं १९६६चं शिकवणीचं पुस्तक मला सगळ्यात हुशारीने बांधलेलं वाटतं. फक्त उजवी पानं वाचत शेवटापर्यंत जायचं, मग पुस्तक उलटं करून उरलेली पानं वाचत परत यायचं. मुलांना आधी वाटलं छपाईच चुकलीय. पण उत्तर पान उलटल्यावरच येतं, त्यामुळे शेजारी डोळा मारायची सोय नाही. चालीही बाणांनी दाखवल्यात, लिपी शिकावी लागत नाही. विषय जवळपास फक्त मात, हे मात्र खरं. दोन महिन्यांत मुलं त्याच्या पुढे जातात.

लिपीचं तर वेगळंच. मराठी माध्यमातली मुलं विचारतात, घोड्याला 'एन' का? तर 'के' राजाने आधीच घेतलाय म्हणून. उंटाचा 'बी' आणि हत्तीचा 'आर' कसा, हे समजावण्यात अर्धा तास जातो. बेलग्रेडच्या 'चेस इन्फॉर्मंट'ने १९६६पासून सोंगट्यांची चित्रं आणि चिन्हं वापरून हा प्रश्नच संपवला होता. रद्दीतून मिळणाऱ्या जुन्या पुस्तकांत तर वर्णनात्मक लिपी असते, जी फिडेने १९८१ नंतर स्पर्धेत मान्यच केली नाही. फुकट मिळालं तरी मुलांना देऊ नका.

आणि ड्वोरेत्स्कींचं अंतिम खेळाचं पुस्तक, २००३चं. पाठ करायलाच हव्यात अशा गोष्टी निळ्या शाईत, बाकीचं विश्लेषण काळ्यात. कल्पना सुरेख. आमच्याकडे मात्र त्यातली पाच-सहा पानं झेरॉक्स होऊन पोचली. निळं गेलं, सगळं सारखंच काळपट. कुठलं पाठ करायचं तेच कळेना. प्रबंधातल्या आलेखात लाल आणि निळी रेघ काढून निवांत बसणाऱ्यांनी एकदा त्याची काळी-पांढरी प्रिंट काढून बघावी. मी काढली. आता एक रेघ तुटक आहे.

त्या मुलीच्या वहीत मी तीन रकाने आखून दिले होते: कोड्याचा क्रमांक, उत्तर, लागलेला वेळ. गेल्या रविवारी पाहिलं तर तिने चौथा स्वतःच आखलाय: 'बाण दिसला का?' सोळा ठिकाणी 'हो' लिहिलंय.