बाइट, वर्ण आणि ‘रीड’ : जावाच्या फाईल-वाचनाची एक चिकित्सा

लिखित भाषेचा विचार करताना आपण वर्णापासून आरंभ करतो. वर्णाच्या खाली शाई आणि कागद असतात, पण त्यांचा विचार भाषाशास्त्राच्या कक्षेत येत नाही असे मानण्याचा प्रघात आहे. हस्तलिखिताच्या बाबतीत तो क्षम्य होय, कारण शाई वाचकाला फारशी फसवीत नाही. संगणकातील फाईलची गोष्ट निराळी आहे. तीत वर्ण नसतातच. तीत असतात ते ० ते २५५ ह्या मर्यादेतील अंक, आणि अशा प्रत्येक अंकास बाइट म्हणतात. अमुक अंकांचा समुदाय म्हणजे अमुक वर्ण, हा संकेत फाईलच्या बाहेर असतो. साधी मजकुराची फाईल तो स्वतःबरोबर वाहून आणीत नाही. म्हणून फाईल ‘वाचणे’ ही एक क्रिया नसून दोन आहेत: प्रथम अंक उचलावयाचे, आणि मग संकेताच्या आधारे त्यांतून वर्ण सिद्ध करावयाचे.

ह्या दोन क्रियांचा भेद ज्या भाषांनी आपल्या रचनेत नोंदविला, त्यांत जावा ही भाषा प्रमुख आहे, आणि म्हणूनच ती येथे चिकित्सेस घेतली आहे. जावा ही वस्तुकेंद्री आज्ञाभाषा होय. अशा भाषेत माहिती आणि त्या माहितीवर करावयाच्या क्रिया एका ‘वस्तू’त बांधलेल्या असतात, वस्तूंच्या जातीस ‘वर्ग’ म्हणतात, आणि विशेष वर्ग सामान्य वर्गाचे गुण वारशाने घेतो. जावाबरोबर मिळणारा वर्गसंग्रह हा एक ग्रंथच समजावा. त्यात नामे आहेत, क्रियापदे आहेत आणि कोणत्या नामास कोणते क्रियापद लागू पडते ह्याचे नियमही आहेत. माझे म्हणणे असे की, ह्या ग्रंथाने बाइट आणि वर्ण यांचा भेद नामांत केला, पण क्रियापदात पाळला नाही. आणि जेथे तो मोडला तेथे वाचकास इशाराही दिला नाही.

इ. स. १९९६ च्या पहिल्या आवृत्तीत हा भेद अस्पष्टच होता. ‘इनपुटस्ट्रीम’ म्हणजे आत येणारा प्रवाह, हा सामान्य वर्ग. त्याचा ‘फाइलइनपुटस्ट्रीम’ हा वारस फाईलमधून बाइट पुरवितो. त्याच कुळातील ‘डेटाइनपुटस्ट्रीम’ ह्या वर्गास एक ओळ वाचण्याची क्रिया दिलेली होती, आणि ती प्रत्येक बाइट म्हणजे एक वर्ण असे धरून चाले. ज्या लिपीत वर्णसंख्या अडीचशेच्या आत आहे तिच्या वाचकासच हे गृहीतक सुचावे. बाइटांच्या मालिकेतून शब्द घडविण्याची जी रचना होती तिला ‘वरचा बाइट’ निराळा सांगावा लागे. युनिकोडमध्ये देवनागरीचे स्थान २३०४ ते २४३१ असल्याने तो वरचा बाइट आपल्या लिपीपुरता ९ हा होय: ‘म’ म्हणजे २३५०, म्हणजेच ९ गुणिले २५६ अधिक ४६. लॅटिनसाठी तो शून्य. एकाच ओळीत मराठी आणि इंग्रजी आली तर काय करावयाचे, ह्याचे उत्तर त्या रचनेत नव्हते. १९९७ च्या १.१ ह्या आवृत्तीने ह्या दोन्ही गोष्टी त्याज्य ठरविल्या आणि ‘रीडर’ नावाचे वर्णांचे स्वतंत्र कुळ निर्माण केले. हा निर्णय योग्य होता, आणि त्याचे श्रेय दिले पाहिजे.

परंतु दोन्ही कुळांचे क्रियापद एकच राहिले: ‘रीड’. प्रवाहावर ‘रीड’ म्हटले की बाइट मिळतो, रीडरवर म्हटले की वर्ण. मराठीत आपण प्रवाहातून पाणी ‘उपसतो’ आणि पोथी ‘वाचतो’. हा भेद इंग्रजी नामकर्त्यांना सुचला असता तर पुढील पुष्कळ गोंधळ टळला असता. (आपल्याकडील पाठ्यपुस्तकेही ‘बाइट वाचणे’ असेच लिहितात. मी येथे ‘उपसणे’ हे क्रियापद वापरीत आहे.)

एकेक बाइट उपसणारी ‘रीड’ ही क्रिया बाइट देत नाही, एक मोठा पूर्णांक देते. असे का, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. बाइटची संभाव्य मूल्ये २५६ आहेत. पण उपसणाऱ्यास आणखी एक गोष्ट कळावी लागते, ती ही की प्रवाह संपला. म्हणजे उत्तरे २५७ झाली, आणि ती बाइटच्या भांड्यात मावत नाहीत. समाप्तीची खूण -१ ही आहे. सी ह्या जुन्या भाषेतील हाच संकेत जावाने उचलला. शून्यरूप प्रत्यय आणि प्रत्ययाचा अभाव ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे आपल्या व्याकरणपरंपरेस ठाऊक आहे; येथेही शून्य हा बाइट आणि बाइटचा अभाव ह्या दोन निराळ्या गोष्टी असून त्यांची चिन्हे निराळी ठेवली आहेत. इथवर रचना निर्दोष आहे. दोष पुढच्या पायरीवर येतो. जावातील ‘बाइट’ हा प्रकार ० ते २५५ असा नसून -१२८ ते १२७ असा सचिन्ह आहे. त्यामुळे मिळालेले उत्तर कोणी समाप्ती तपासण्यापूर्वीच बाइटमध्ये कोंबले, तर २५५ चे -१ होते आणि प्रवाह मध्येच संपल्याचा भास होतो. यूटीएफ-८ संकेतातील मजकुरात २५५ हा बाइट कधीच येत नसल्याने मराठी मजकुरावर ही चूक वर्षानुवर्षे सुप्त राहू शकते. पण जेपेग पद्धतीच्या प्रत्येक चित्राचा पहिलाच बाइट २५५ असतो. पोथीच्या पानाचे छायाचित्र अशा आज्ञावलीस दिले, तर ते पान तिच्या लेखी कोरे ठरते.

बाइट एकेक न उपसता पोहऱ्याने उपसणे सोयीचे असते. ८,१९२ बाइटांचा पोहरा रूढ आहे. ‘रीड’ला पोहरा दिला म्हणजे ती त्यात बाइट भरते आणि किती भरले ती संख्या सांगते. पोहरा पूर्ण भरेलच असे वचन ती देत नाही. स्थानिक फाईलवर तो बहुधा भरून येतो. त्याच कुळातील प्रवाह जाळ्यावरून येत असला तर अर्धवट येतो. वस्तुकेंद्री पद्धतीची थोरवी अशी सांगितली जाते की, स्रोत बदलला तरी वाचणाऱ्याची आज्ञावली बदलावी लागत नाही. ते खरे आहे. पण फाईलवर पारखून घेतलेली सवय दुसऱ्या स्रोतावर मोडते, हेही त्याच थोरवीचे फळ आहे. फाईलवरही शेवटचा पोहरा अपुराच असतो. २०,००१ बाइटांच्या फाईलमध्ये दोन पोहरे पूर्ण आणि तिसऱ्यात ३,६१७ बाइट येतात. मिळालेल्या संख्येकडे दुर्लक्ष केले तर तिसऱ्या पोहऱ्याच्या तळाशी राहिलेले मागील ४,५७५ बाइट मजकुराच्या शेवटी पुन्हा अवतरतात. लेखनिकाची नजर घसरून झालेली पुनरुक्ती पाठचिकित्सकास परिचित आहे. ही तिचीच भावंड होय. २०१७ च्या नवव्या आवृत्तीत सर्व बाइट एकदम देणारी क्रिया ‘इनपुटस्ट्रीम’मध्ये आली आणि ही अडचण पुष्कळशी मिटली. विलंब फार झाला, एवढेच म्हणतो.

आता मुख्य मुद्दा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४. अवकाशचिन्हही नसलेला निव्वळ देवनागरी मजकूर घेतला तर ८,१९२ बाइटांच्या पोहऱ्यात २,७३० चिन्हे बसतात आणि दोन बाइट उरतात. त्या चिन्हाचा तिसरा बाइट पुढच्या पोहऱ्यात जातो. प्रत्येक पोहऱ्याचे स्वतंत्रपणे वर्णांत रूपांतर करणारी आज्ञावली ह्या सीमेवरचे अक्षर फोडते. ‘इनपुटस्ट्रीमरीडर’ हा दोन कुळांमधील दुभाषी वर्ग मात्र उरलेले बाइट जपून ठेवतो व पुढच्यांशी जोडतो. ह्या वर्गाची आखणी मला संपूर्ण संग्रहात सर्वांत प्रामाणिक वाटते. बाइटांचा प्रवाह आणि संकेताचे नाव ह्या दोन्ही गोष्टी तो मागू शकतो.

‘मागू शकतो’ असे म्हटले, ‘मागतो’ असे नाही. संकेत न सांगितल्यास तो यंत्राचा रूढ संकेत गृहीत धरीत असे. आणि ‘फाइलरीडर’ ह्या सर्वांत सोप्या नावाच्या वर्गास तर संकेत सांगण्याची जागाच २०१८ च्या अकराव्या आवृत्तीपर्यंत नव्हती. पश्चिमी मांडणीच्या विंडोज यंत्रावर तो रूढ संकेत विंडोज-१२५२ हा होता. त्याच्या दृष्टीने ‘म’चे तीन बाइट म्हणजे तीन वर्ण: माथ्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन ‘ए’, चलनाचे सर्वसामान्य चिन्ह, आणि वर्तुळातील ‘आर’. असा विद्रूप मजकूर आपण सर्वांनी पाहिला आहे. पण विद्रूपता ही मोठी हानी नव्हे. संकेत ओळखून ती उलटविता येते. खरी हानी दिसत नाही तेथे आहे. विंडोज-१२५२ मध्ये १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ ह्या पाच मूल्यांस कोणताही वर्ण नेमलेला नाही. जावा त्यांच्या जागी ‘अज्ञात’ दर्शविणारे एकच प्रतिस्थापन-चिन्ह ठेवते, आणि त्याच संकेतात मजकूर परत लिहिला की त्याचे प्रश्नचिन्ह होते. मूळ बाइट गेला तो गेला.

हे पाच अंक मराठीत कोठे येतात ते पाहू. १६४ च्या पाठीमागे १४३ आला की ‘ए’, १४४ आला की ‘ऐ’, १५७ आला की ‘झ’. १६५ च्या पाठीमागे १२९ आला की ऱ्हस्व उकार, आणि १४१ आला की हलन्ताचे चिन्ह. म्हणजे मराठीतील प्रत्येक जोडाक्षराचा सांधा आणि प्रत्येक ऱ्हस्व उकार एकाच प्रश्नचिन्हात विलीन होतो. ‘कर्ण’ आणि ‘करुण’ हे दोन शब्द बारा-बारा बाइटांचे असून त्यांत फरक आहे तो केवळ नवव्या बाइटचा: पहिल्यात १४१, दुसऱ्यात १२९. लघुतम युग्माचे याहून नेमके उदाहरण शोधावे लागणार नाही. ‘वर्ण’ आणि ‘वरुण’ यांचीही तीच कथा. ह्या वाचन-लेखनाच्या फेऱ्यातून बाहेर पडल्यावर ते दोन्ही शब्द बाइटशः समान होतात, आणि त्यांचा भेद संदर्भावाचून कोणासही सांगता येत नाही. स्वनविचारात आपण ज्यास भेदलोप म्हणतो तो विशिष्ट परिसरात, भाषेच्या नियमाने घडतो. हा भेदलोप भाषेच्या कोणत्याच नियमाने घडलेला नाही. उलट, आयएसओ-८८५९-१ ह्या संकेताने तोच मजकूर वाचला असता तर अर्थ तितकाच चुकला असता, पण त्यात २५६ ही मूल्यांना जावा एकेक वर्ण देत असल्याने परत लिहिताना एकही बाइट हरवला नसता. वाचन चुकणे आणि पाठ नासणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि वर्गसंग्रहाने त्या दोहोंना सारखेच मौन दिले.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, संकेताचे नाव सांगण्याची सोय १९९७ पासून होती. न सांगणारा दोषी. शिवाय मार्च २०२२ च्या अठराव्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ हाच सर्व यंत्रांवर रूढ संकेत ठरला आहे, तेव्हा वाद जुना झाला. पहिल्या भागास उत्तर ‘फाइलरीडर’च्या इतिहासातच आले आहे: ज्या दाराला खिडकी ठेवली नाही त्यातून जाणाऱ्यास बाहेर का डोकावला नाहीस असे विचारता येत नाही. दुसरा भाग अधिक गंभीर आहे. नव्या रूढ संकेताने मौन संपविले नाही. केवळ त्याचे भक्ष्य बदलले. १९९१ च्या इस्की ह्या भारतीय मानकात प्रत्येक देवनागरी चिन्हास एकच बाइट आहे, ‘क’चा १७९. यूटीएफ-८ मध्ये १२८ ते १९१ ह्या मूल्यांनी कोणत्याही वर्णाचा आरंभ होत नाही. म्हणून इस्कीतील फाईल आज संकेत न सांगता रीडरला दिली, तर ती जवळजवळ सगळीच प्रतिस्थापन-चिन्हांत जाते, आणि तशीच साठविली तर पाठ कायमचा नष्ट होतो. विशेष म्हणजे इस्कीचा संकेत जावाच्या संग्रहात आहे. तो मागितल्याशिवाय मिळत नाही, इतकेच.

याच्या अगदी उलट वृत्ती २०११ च्या सातव्या आवृत्तीतील ‘फाइल्स’ ह्या वर्गात दिसते. त्याच्या वर्णवाचक क्रिया संकेताशी न जुळणारा बाइट आला की अपवाद उपस्थित करून थांबतात. एकाच संग्रहात एक वर्ग अज्ञात बाइटवर पांघरूण घालतो आणि दुसरा तो पुढे जाऊच देत नाही. कोणता कोठे वापरावा ह्याची खूण नावांत कोठेही नाही. पाठसंशोधकाच्या दृष्टीने दुसराच ग्राह्य होय. जुन्या मराठी मजकुराचे भांडार उभारताना मूळ फाईल बाइटांच्या कुळातून, वर्ण न करता, जशीच्या तशी जतन करावी, आणि वर्णांची प्रत तिच्यापासून निराळी, संकेताची नोंद करून सिद्ध करावी.

रीडरही अखेर वर्णच देतो काय, हा प्रश्न उरतो. जावाचा वर्णप्रकार सोळा द्व्यंकांचा आहे, म्हणजे ६५,५३६ मूल्यांचा. २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडी लिपीचा समावेश झाला, तो ह्या मर्यादेपलीकडे, ७१,१६८ ह्या स्थानापासून. यूटीएफ-८ मध्ये मोडीचे प्रत्येक चिन्ह चार बाइट घेते, आणि जावात दोन ‘वर्ण’. रीडरवर एकदा ‘रीड’ म्हटले की मोडीचे अर्धे अक्षर हाती येते. दोन अर्धी जोडणाऱ्या क्रिया २००४ च्या पाचव्या आवृत्तीपासून आहेत. पण त्या शब्दमालिकेच्या आणि वर्णाच्या वर्गांत ठेवल्या आहेत, रीडरच्या ‘रीड’मध्ये नाहीत.