बंडाची भाषा आणि कायद्याची मागणी

सांस्कृतिक बंडखोरीचे राजकीय कृतीत रूपांतर कसे होते, हा प्रश्न पाश्चात्त्य समीक्षेत पंक संस्कृतीच्या संदर्भात वारंवार चर्चिला गेला आहे. 1976 मध्ये सेक्स पिस्टल्सने ब्रिटनमध्ये 'अराजक' ही घोषणा गाण्यात आणली. 1977 मध्ये निघालेल्या क्रास या गटाने तिला युद्धविरोधाची आणि सामूहिक जगण्याची जोड दिली. तेथील बंडखोरी राज्यसंस्थेच्या नकारापर्यंत, म्हणजे अराज्यवादापर्यंत पोहोचली.

मराठीतील प्रवास त्याआधीचा आणि वेगळ्या दिशेचा आहे. 1955 मधील 'शब्द'पासून अनियतकालिकांनी प्रस्थापित प्रकाशनव्यवहार व अभिरुची नाकारली; परंतु हा नकार बराच काळ साहित्यापुरताच राहिला. 1972 मध्ये बारामतीलगतच्या इंदापूर तालुक्यात बावडा येथे दलितांवर सामाजिक बहिष्कार टाकला गेला. परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावात दोन दलित स्त्रियांची विटंबना झाली. त्याच वर्षी नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि अनियतकालिकांच्या चळवळीतून आलेले राजा ढाले प्रभृतींनी दलित पँथर उभी केली.

येथे बावड्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. बहिष्कार घालण्यासाठी राज्यसंस्थेची गरज नसते. काम, किराणा, दळण बंद करण्याची सत्ता गावगाड्याकडे परंपरेनेच असते. शासन फार तर तिकडे डोळेझाक करते. अशा ठिकाणी राज्यसंस्थेचा निखळ नकार पीडितांच्या उपयोगी पडत नाही. म्हणूनच 'साधना'च्या 15 ऑगस्ट 1972 च्या अंकातील ढाले यांच्या वादग्रस्त लेखाची रचना लक्षणीय ठरते. राष्ट्रध्वजाच्या अवमानाला 300 रुपये दंड आणि दलित स्त्रीच्या विटंबनेला 50 रुपये, ही तुलना त्या लेखाचा कणा आहे. त्याच्या भाषेने वाचक हादरले. युक्तिवाद मात्र कायद्यालाच त्याच्या विषमतेचा जाब विचारणारा आहे.

ढसाळांच्या 'गोलपिठा'तील शिवराळपणाकडे निव्वळ अराजक म्हणून पाहणारी समीक्षा हाच भेद विसरते. तेथे भाषेचे संकेत मोडले जातात ते माणूसपणाचा हक्क सांगण्यासाठी.

1974 मध्ये पँथर फुटली; 1977 मध्ये ढाले व पवार यांनी ती बरखास्त केल्याचे जाहीर केले. संघटना म्हणून तिचे आयुष्य अल्प ठरले. परंतु विद्रोही साहित्याचे मूल्यमापन करताना त्याने काय झुगारले एवढेच पाहून भागत नाही. कोणापाशी काय मागितले, हेही पाहावे लागते, हा समीक्षेपुढचा प्रश्न तिने कायम ठेवला आहे.