जपून ठेवलेलं औषध

श्रोतेहो, वरोरला बोलायचं ठरलं तेव्हा संयोजकांनी विषय विचारला आणि आम्ही ‘परवडणारी औषधं’ असं कळवून मोकळे झालो. वाणगावला गाडीतून उतरून इथं येईपर्यंत तो विषय आम्हालाच खटकायला लागला. तेव्हा आज टीका करायची ती आधी आमच्याच शीर्षकावर.

‘परवडणं’ हा हिशेबाचा शब्द आहे. डिझेलचा खर्च काढून आजची मासळी परवडली का, डायचं काम या मजुरीत परवडतं का, हे तुम्ही रोज ठरवता. नाही परवडलं तर माणूस ते सोडून दुसरं काही धरतो. दुसरं काही धरता येतं तिथंच हा शब्द शोभतो. ज्याच्या क्षयावर आयसोनायझिड आणि रिफॅम्पिसिन ही दोन मुख्य औषधं चालेनाशी झाली, म्हणजे ज्याला एमडीआर क्षय म्हणतात तो झाला, त्याने काय सोडायचं आणि काय धरायचं?

अशा रोग्यांसाठी बेडाक्विलिन नावाची गोळी आली. डिसेंबर २०१२ मध्ये तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. क्षयावरचं हे चाळीसहून अधिक वर्षांनी आलेलं नवं औषध. त्याआधी कानामायसिनसारखी इंजेक्शनं महिनोन्‌महिने टोचायची. जंतू मरायचे, पण अनेकांचे कानही जायचे.

आमचा एक विद्यार्थी याच किनाऱ्यावरचा. तत्त्वज्ञान घेणारी मुलं आधीच हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी, त्यात हा पहिल्या बाकावर बसून वाद घालणारा. २०१७ साली अचानक भेटला. आम्ही काही विचारलं तर त्याने खिशातून छोटी वही काढून आमच्या हातात दिली. बोलायचं ते त्यात लिहा, अशी खूण केली. क्षय बरा झाला होता, ऐकू येणं गेलं होतं. आयुष्यभर बोलण्याचा पगार घेतलेल्या आम्हाला त्या वहीत काय लिहावं सुचेना. नव्या गोळीचं नावसुद्धा त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आता गंमत बघा. (गंमत कसली म्हणा!) ही गोळी तेव्हा आपल्या देशात होती, आणि रोग्याला फुकट होती. मार्च २०१६ मध्ये सरकारने ती सशर्त द्यायला सुरुवात केली होती. पाच शहरांतली मिळून सहा केंद्रं, त्यात मुंबई होती. म्हणजे रोग्यापुरती किंमत शून्य. ‘परवडण्या’चा प्रश्नच मिटला! तरी पाटण्याच्या एका १८ वर्षांच्या मुलीला दिल्लीच्या रुग्णालयाने गोळी नाकारली, कारण ती दिल्लीची रहिवासी नव्हती. बापाला उच्च न्यायालयात जावं लागलं. जानेवारी २०१७ मध्ये गोळी मिळाली, पण उशीर झाला होता. पुढच्या वर्षी ती मुलगी गेली.

वेदान्ताच्या ग्रंथात आरंभीच सांगतात की या विद्येचा अधिकारी कोण. तिथं विवेक, वैराग्य अशा अटी असतात. इथं अट काय, तर राहण्याचा पत्ता.

या अटींच्या मागे एक युक्तिवाद होता आणि तो पोरकट नव्हता. अँटिबायोटिक हे वापराने झिजणारं औषध आहे. अर्धवट किंवा चुकीचं दिलं की जंतू त्याला सरावतात, आणि मग ते पुढच्या रोग्याच्याही कामाचं राहत नाही. म्हणून जपून वापरा. शंभर टक्के मान्य. बेडाक्विलिनला न जुमानणारे जंतूही आता आढळतात, हे आम्ही लपवणार नाही.

पण जपायचं कुणापासून? मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. मुंबईतल्या १०६ खाजगी डॉक्टरांना क्षयाचं प्रिस्क्रिप्शन लिहायला सांगितलं. योग्य लिहिणारे निघाले ६. आणि १०६ जणांनी मिळून औषधांचे ६३ वेगवेगळे मेळ लिहिले! औषध झिजवणारा हात हा होता, आणि पहारा बसवला रोग्यावर. जपणं म्हणजे तपासणी करून योग्य मेळ देणं आणि तो पुरा होईपर्यंत रोग्याबरोबर राहणं. कुलूप लावायला यातलं काहीच करावं लागत नाही, म्हणून कुलूप लवकर सुचतं.

शिवाय साठाच मोजका होता. तो जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने दान दिलेला, कारण पेटंट तिचं आणि दुसऱ्या कुणाला बनवायची मुभा नाही. औषध विकसित होताना सार्वजनिक पैसाही भरपूर लागला होता, पण दाता म्हणून नाव कंपनीचं. टंचाई मक्तेदारीची, आणि तिला नाव मिळालं सावधगिरीचं. आमचा खरा आक्षेप इथं आहे.

पुढची गोष्ट वरोरला सांगायला सोपी आहे. वाढवण बंदरामुळे ‘हरकत’ म्हणजे काय हे तुम्हाला आमच्याहून चांगलं ठाऊक आहे. पेटंट मंजूर होण्याआधी कुणाही माणसाला हरकत घेता येते, अशी तरतूद आपल्या कायद्यात आहे. कंपनीने त्याच औषधाच्या क्षाररूपावर दुसरं पेटंट मागितलं होतं. ते मिळतं तर मक्तेदारी २०२३ ऐवजी २०२७ पर्यंत गेली असती. २०१९ मध्ये मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा तिसिले यांनी हरकत घेतली. दोघीही क्षयातून वाचलेल्या, दोघींचे कान औषधाने गेलेले. २३ मार्च २०२३ ला पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. दक्षिण आफ्रिकेने २०१८ मध्ये घासाघीस करून सहा महिन्यांच्या गोळ्या ४०० डॉलरवर आणल्या होत्या. ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक खरेदीत त्याच कंपनीचा भाव १३० डॉलर झाला, आणि शेजारी भारतीय लुपिनही उभी राहिली. लुपिनचा एक कारखाना आपल्या तारापूरला आहे.

म्हणजे किंमत पडली आणि आम्ही खूश आहोत. सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या सरकारने बेडाक्विलिनसह चार औषधांचा, सहा महिन्यांचा आणि इंजेक्शनाविना उपचारही मान्य केला. पण कोणतं औषध चालतं, कोणतं नाही, याची तपासणी रोग्याच्या गावापासून किती लांब होते? अहवाल यायला किती दिवस? तोवर बोटीवर कोण जाणार? गंभीर रोगी घेऊन डहाणू-तलासरीची माणसं वापी, सिल्वासा गाठतात. तिकडे गेलं की राज्य बदलतं, म्हणजे पत्ताही परका होतो. हा हिशेब १३० डॉलरमध्ये धरलेला नाही.

इथं थांबून प्रश्न घेऊ. पहिला वहीतून आलाय. तो विद्यार्थी मागच्या रांगेत बसलाय. भाषण त्याला ऐकू आलेलं नाही, छापून आलं की वाचणार आहे. विचारतो, “सर, तेव्हा नाव माहीत असतं आणि मी मुंबईला जाऊन मागितलं असतं, तर दिलं असतं का?” उत्तर आम्ही वहीतच लिहून देतो. वही जरा पुढे पाठवा.