'अधांतर' : न संपलेल्या संपाचं सुतक

मागच्या वेळी आम्ही दुर्खीमबद्दल बोललो होतो. १८९७ साली आलेल्या आत्महत्येवरच्या ग्रंथात त्याने मांडलं की, समाजात अचानक उलथापालथ झाली की इच्छांना लगाम घालणारे नियम सैल पडतात आणि माणूस सैरभैर होतो. हे नुसतं मंदीत नाही, तर एकाएकी आलेल्या भरभराटीतही घडतं, बरं का! आज हा विचार आपण जयंत पवारांच्या 'अधांतर' या नाटकाला लावून पाहू.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. नाटक मात्र संपाचं नाही, त्यानंतर गिरणगावातल्या एका घरात जे उरलं, त्याचं आहे. लेखक व्हायचं स्वप्न बघणारा बाबा, गुंडगिरीत शिरलेला नरू, घर सावरू पाहणारी आई. 'बेकारीतून गुन्हेगारी' एवढंच सांगून बरीच चर्चा थांबते. आम्हाला ते अपुरं वाटतं.

आता पाहा, या घरातले नियम सैल पडलेत का? मुळीच नाही. मुलानं कमवावं, थोरल्यानं जबाबदारी घ्यावी, चार लोकांत मान राहावा, हे सगळं जागच्या जागी आहे. ते पाळता येईल अशी जमीन तेवढी पायाखालून गेली आहे. म्हणजे काय, तर दुर्खीम इथे अर्धाच लागू पडतो. नियम मोडल्यापेक्षा न मोडलेला नियम माणसाला जास्त छळतो. घरातले एकमेकांवर ओरडतात ते त्यामुळेच. गिरणीवर ओरडायची सोय राहिलेली नाही.

याच नाटकावरून महेश मांजरेकरांनी २०१० साली 'लालबाग परळ' हा चित्रपट केला. त्यात हिंसा ठळक झाली आणि ताटकळणं हरवलं, असं आमचं मत आहे. खरा घाव तर ताटकळण्याचाच होता. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. सुतक फिटायला आधी माणूस गेला हे तरी कळावं लागतं. इथे तेही नाही.

म्हणून अशा माणसाला 'मन घट्ट करा' म्हणण्याआधी आपण एक प्रश्न विचारायला हवा : जे संपलं, ते संपलं असं त्याला कुणी सांगितलं होतं का?